आगाऊपणाची किंमत

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. आगाऊ तजवीज करणारा मनुष्य शहाणा ठरतो; न विचारता पुढे पुढे करणारा मात्र आगाऊ म्हणून टाकून बोलला जातो. संगणकाच्या प्रोसेसरच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूच्या ठायी नांदत आले आहेत.

मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरने स्वस्थ बसणे हा वेळेचा अपव्यय होय. आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’मधील मॉडेल ९१ या यंत्रासाठी रॉबर्ट टोमासुलो यांनी आज्ञा क्रम मोडून पार पाडण्याची एक पद्धत शोधली व ती १९६७ साली प्रसिद्ध झाली. इंटेलच्या घराण्यात १९९५ साली आलेल्या पेंटियम प्रोने त्याच वाटेने जाऊन अंदाज बांधण्याचीही जोड दिली. कार्यक्रम पुढे कोणत्या फाट्याने जाईल याची अटकळ बांधायची, त्या फाट्यावरचे काम आधीच उरकायचे, आणि अटकळ चुकली तर केलेले सारे टाकून द्यायचे. ‘टाकून दिले म्हणजे घडलेच नाही’ हे या वेगामागचे गृहीतक होते.

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोन दोष जाहीर झाले आणि ते गृहीतक कोसळले. टाकून दिलेल्या कामाची खूण प्रोसेसरच्या कॅशमध्ये मागे राहते, आणि कोणती माहिती किती लवकर हाती येते हे मोजून त्या खुणेवरून गुपित ओळखता येते. मेल्टडाउनमुळे, मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरांवर, साध्या कार्यक्रमालाही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, मेमरी वाचता येत होती.

लिनक्सने यावर उपाय केला तो कर्नलचा नकाशाच कार्यक्रमाच्या नजरेआड ठेवण्याचा. ऑस्ट्रियातील ग्राट्झच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या कल्पनेवर तो आधारलेला होता. परंतु त्यामुळे कर्नलकडे काम घेऊन जाताना आणि परतताना, दर खेपेस नकाशा बदलावा लागू लागला. हा उपाय रचणाऱ्यांनीच सर्वसाधारण घट ५ टक्के सांगितली होती. नेटवर्कच्या एका चाचणीत मात्र ती सुमारे ३० टक्के भरली. केवळ आकडेमोड करणाऱ्या कार्यक्रमाला झळ जवळजवळ लागली नाही. ज्यांना घडोघडी कर्नलचे दार ठोठवावे लागते, त्या डेटाबेससारख्यांना ती अधिक लागली. सुरक्षेचा कर सर्वांवर सारखा नव्हता.

येथून पुढचा इतिहास, आमच्या मते, शोधांचा कमी आणि ‘डिफॉल्ट’चा अधिक आहे. बहुसंख्य लोक यंत्र जसे येते तसेच वापरतात. म्हणून जो डिफॉल्ट ठरवतो, तोच त्यांच्या वतीने निर्णय घेतो. जून २०१८ मध्ये ओपनबीएसडीने इंटेलच्या प्रोसेसरांवरील हायपरथ्रेडिंगच मुळात बंद ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिनक्समधील एका संरक्षणाने काही कामांचा वेग फार घटला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी हरकत घेतली. ज्यांना एवढी चिंता आहे ते हायपरथ्रेडिंग आधीच बंद करतात, मग इतरांवर हा भार का, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे ते संरक्षण सरसकट न ठेवता निवडक कार्यक्रमांपुरते राहिले. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीत तर अशी बहुतेक संरक्षणे एका शब्दाने बंद करण्याची सोय आली.

येथे तराजूची उपमा सहज सुचते. पण ती फसवी आहे. मंदावलेला वेग घड्याळाने मोजता येतो. न झालेली चोरी मोजता येत नाही. त्यामुळे वादात आकडा नेहमी एकाच पारड्यात पडतो. शिवाय उपायही चिरंतन नसतात. स्पेक्टरवर गूगलमध्ये तयार झालेल्या ‘रेटपोलिन’ या युक्तीने धोक्याच्या उड्यांऐवजी परतीच्या आज्ञा वापरल्या. जुलै २०२२ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘रेटब्लीड’द्वारे त्या परतीच्या आज्ञांनाच फशी पाडले. त्यावरील नव्या उपायांचा भार त्यांनी १४ ते ३९ टक्के मोजला.

२०२५ च्या लिनक्स ६.१७ मध्ये मात्र प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला गेला. कोणता दोष झाकायचा हे न विचारता, कोणापासून कोणाचे रक्षण करायचे हे विचारण्याची सोय झाली: कार्यक्रमापासून कर्नलचे, एका वापरकर्त्यापासून दुसऱ्याचे, की भाड्याच्या यंत्रावरील एका पाहुण्यापासून शेजारच्या पाहुण्याचे? आम्हांस हे या इतिहासातील शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण यात विश्वास हा शब्द प्रथमच उघडपणे हिशेबात आला.

तथापि एक गोष्ट उरतेच. स्वतःच्या टेबलावरील यंत्राचे संरक्षण काढणारा स्वतःचाच धोका पत्करतो. आपली पत्रे, हिशेब आणि आजारपणाचे कागद मात्र आज बहुधा परक्याच्या सामायिक यंत्रावर असतात. तेथील कळ दाबणाऱ्याला वाचलेला वेळ मिळतो, आणि धोका मात्र ज्याला कधी विचारलेही नव्हते त्याच्या वाट्याला येतो. आगाऊपणाची किंमत किती, या प्रश्नाआधी ती कोणी भरायची हा प्रश्न यावयास हवा.