आज्ञापत्र आणि सिसेरो

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे नाते कौटिल्याशी जोडण्याचा प्रघात जुना आहे. ग्रंथाचा विषय पाहता तो योग्यही आहे. परंतु ग्रंथामागील आयुष्याकडे दृष्टी वळविली, तर अमात्य रोमच्या सिसेरोला अधिक जवळचे वाटतात. दोघांनीही राज्य कोसळताना पाहिले, दोघांनीही ते सावरण्याचा भार उचलला, आणि मग मनुष्यस्वभावाविषयी लिहिले.

सिसेरोने कर्तव्यांवरील आपला ग्रंथ इ. स. पूर्व ४४ मध्ये, सीझरच्या वधानंतर, अथेन्सला शिकत असलेल्या मुलास उद्देशून लिहिला. भयावर उभी असलेली सत्ता टिकत नाही, हे त्यातील सूत्र सर्वपरिचित आहे. त्याहून मार्मिक आहे ते त्याचे औदार्यविवेचन. सुल्ला आणि सीझर यांनी खऱ्या मालकांची मालमत्ता काढून परक्यांना वाटली. एकाचे हिरावून दुसऱ्यास देणे याला सिसेरो औदार्य म्हणावयास तयार नाही. आरमारासाठी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती तिने लेकरांसारखी वाढविलेली असतात. घ्यावयाचीच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावीत, असे ‘आज्ञापत्र’ बजावते, तेव्हा हाच विचार सह्याद्रीच्या मातीत उतरलेला दिसतो. सिसेरोचा वक्तृत्वाचा सोस मात्र तेथे नाही.

वतनदारांविषयीचे प्रकरण हा या ग्रंथाचा गाभा होय. वतनदार आहे तेवढ्यावर तृप्त राहत नाही, बळावला की शेजाऱ्यास गिळतो, परचक्र येताच वतनासाठी शत्रूशी संधान बांधतो. ही परीक्षा पुस्तकी नव्हे. १६८९ मध्ये संभाजीराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीकडे निघाले. वाटेत बेंगळूरला, जे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते, ते ओळखले जाता जाता वाचले, असे परंपरा सांगते. मागे महाराष्ट्राचा कारभार ‘हुकमतपन्हा’ म्हणून रामचंद्रपंतांकडे राहिला. मोगल वतनांच्या सनदा देऊन माणसे फोडीत होते. ती परत आणण्यास मराठी राज्यालाही सनदाच द्याव्या लागल्या. शिवकालात आवरलेला लोभ अशा रीतीने राज्याच्याच हातांनी मोकळा झाला.

१७१५ मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे निघालेल्या या पत्रात नव्या वतनांविरुद्ध इशारा आहे. तथापि जुनी वतने बुडविणे हाही अन्यायच, म्हणून वतनदारास ना तोडावे ना मोकाट सोडावे, असा मधला मार्ग अमात्य सुचवितात. स्वभाव बदलेल अशी आशा ते धरीत नाहीत. सिसेरोला मात्र मनुष्याच्या उपजत समाजशीलतेचा भरवसा होता. इ. स. पूर्व ६३ मध्ये न्यायालयीन चौकशीवाचून रोमन नागरिकांना देहान्त देवविणारा हा कायदेपंडित त्या वर्षातील कर्तबगारीची प्रौढी याच ग्रंथात मिरवितो. अमात्य स्वतःविषयी अवाक्षर काढीत नाहीत. या मौनात संयम किती आणि अडचण किती, हे ठरविणे अवघड आहे; कारण वतनाचा मोह इतक्या निर्दयपणे उघड करणाऱ्या या पुरुषाच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर वंशपरंपरेने विसाव्या शतकापर्यंत चालली.