गोन्साल्विस, अँथनी

(१२ जून १९२७ – १८ जानेवारी २०१२). गोव्याचे व्हायोलिनवादक, संगीतरचनाकार आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील संगीत-संयोजक, म्हणजे तिथल्या भाषेत ‘अरेंजर’. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रागांवर आधारलेल्या रचना करणाऱ्या पहिल्या काही भारतीयांत त्यांची गणना होते. एवढे असूनही देशाला त्यांचे नाव माहीत झाले, ते एका विनोदी गाण्यामुळे.

जन्म दक्षिण गोव्यातील माजोर्डा येथे. वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, त्यामुळे व्हायोलिन हातात आले ते अगदी लहान वयात. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेतला ‘मेस्त’ मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवी, वाद्य मग. मुंबईच्या स्टुडिओंत गोमंतकीयांचे बस्तान बसले ते या शिक्षणामुळेच. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. ती कागदावर उतरवून पंचवीस-तीस वादकांत वाटून देण्याचे काम गोव्याच्या मंडळींकडे असे. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हे याच परंपरेतले. पण श्रेयनामावलीत नाव संगीतकाराचे. अरेंजरचे नाव बहुधा पडद्यावर येतच नसे.

गोन्साल्विस १९४३ मध्ये व्हायोलिनवादक म्हणून नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. इतर अनेक सहकाऱ्यांना हिंदुस्थानी संगीत म्हणजे पोटापाण्याचे काम वाटे. यांना मात्र त्याची ओढ लागली. सारंगीवादक पं. रामनारायण यांच्यासारख्यांकडून त्यांनी रागसंगीत समजून घेतले. वांद्र्याच्या घरी ते स्वतः शिकवत. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचे वादन झाले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यांच्या रचना गायल्या. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागातील कॉन्चेर्टो या त्यांच्या नावाजलेल्या कृती.

रागावर वाद्यवृंदाची रचना करणे वाटते तितके सोपे नाही. सारंगाचे प्रचलित वृंदावनी रूप घेतले, तर त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पायाच सा-ग-प या त्रिकुटावर. इथे गंधारच नाही, म्हणजे षड्जावरचा संवाद पोकळ राहतो. पंचम-शुद्ध निषाद-रिषभ असा मेळ जुळतो खरा, पण त्यावर फार रेंगाळले तर कान पंचमालाच षड्ज मानू लागतो. मिंडीचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याचा, प्रश्न वेगळाच: सारंगीवर जी सहज निघते, ती सोळा व्हायोलिनांनी एकाच वेळी, एकाच वेगाने घ्यायची कशी?

असाच खटाटोप पोर्तुगीज भाषेच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलमध्ये, एतॉर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) यांनी केला. रिओच्या रस्त्यांवर ‘शोरो’ संगीत वाजवणाऱ्या मंडळींत गिटार वाजवत ते घडले. बाखची रचनापद्धती आणि ब्राझीलचे लोकसंगीत यांचा मेळ घालत त्यांनी १९३० ते १९४५ या काळात नऊ ‘बाकियानास ब्राझिलेइरास’ लिहिल्या. गिटारसाठी लिहिलेले त्यांचे बारा अभ्यासखंड आज जगभर शिकवले जातात. त्यांना सरकारी पाठबळ मिळाले, प्रकाशक मिळाले. गोन्साल्विस यांचा चरितार्थ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांवर चाले आणि सिंफनी राहिलेल्या वेळात होई. दोघांच्या कीर्तीतला फरक गुणवत्तेपेक्षा या व्यवस्थेने अधिक ठरवला.

१९६५ मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूझ विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर ते तिकडे गेले. परतल्यावर चित्रपटांकडे न वळता माजोर्ड्याला स्थिरावले.

मनमोहन देसाईंच्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील अँथनी या नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस होते. त्या विनोदी गाण्याच्या चालीत ते बसेना, तेव्हा चित्रपटाचे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचवले. अमिताभ बच्चन भल्या थोरल्या ईस्टर अंड्यातून बाहेर पडून तेच नाव सांगतो. बहुतेक प्रेक्षक मात्र ते नाव काल्पनिकच समजत राहिले. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी पुढे गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला.