मुंबईस उतरावयाचे कोठे? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गावाकडील मनुष्य मुंबईस जावयास निघाला, की घरातील वडील मंडळी त्यास पहिला प्रश्न विचारीत, "उतरणार कोणाकडे?" "कोठे" असे न म्हणता "कोणाकडे" असे म्हणण्याची ही जी रीत होती, तीत मुंबईच्या दीडशे वर्षांचा इतिहास साठविलेला आहे. मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा अशी सूचना केली, तेव्हा हाच विषय आमच्या मनात आला. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरतेच. शाळेत मुलांना इतिहास शिकवीत आयुष्य गेले, एवढीच आमची पुंजी. तेव्हा संशोधनाचा आव न आणता, जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच यथामति सांगतो. या विषयाशी आपल्या मंडळापुढील एका निर्णयाचाही संबंध आहे, तो शेवटी येईल.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा पाया घातला. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग झाला आणि देशावरचा मनुष्य एका दिवसात मुंबईत पोहोचू लागला. कोकणातील लोक आगबोटीने येऊन धक्क्यावर उतरत. १८७२ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली. एवढ्या मोठ्या नगरीत रोज हजारो माणसे येत, पण त्यांना पैसे देऊन उतरता येईल अशी सामान्यांची जागा फारशी नव्हती. काळ्या घोड्याजवळील लोखंडी सांगाड्याचे वॉटसन हॉटेल गोऱ्या साहेबांसाठी होते. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातील पहिले चलच्चित्र तेथेच दाखविण्यात आले. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. त्याचा लौकिक जगभर पसरला, परंतु वळकटी व तांब्या घेऊन आलेल्या उतारूस त्याचा काय उपयोग?

या उतारूची सोय केली ती निरनिराळ्या समाजांतील दानशूरांनी. भुलेश्वर-सी. पी. टँकच्या परिसरात माधवबाग व हिराबाग येथील धर्मशाळा उभ्या राहिल्या. हिराबाग ही जैन दानशूरांची देणगी होय. क्रॉफर्ड मार्केटजवळील साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात हजला निघालेले यात्रेकरू उतरत. पारशी बांधवांनी आपल्या लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. गोव्याहून येणाऱ्या खलाशी, स्वयंपाकी व वादक मंडळींनी धोबीतलाव भागात गावोगावचे 'कूड' काढले. एका गावाचा एक कूड, त्यात प्रत्येकाची एक पेटी आणि भिंतीवर गावच्या संतांची तसबीर! लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या व घाटावरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून गावच्या खोल्या घेतल्या. पाळीपाळीने कामावर जाणारे गिरणीकामगार तेथे पाळीपाळीनेच झोपत आणि जेवणास खानावळीत जात.

सूक्ष्म दृष्टीने पाहिल्यास यांतील कूड व गावच्या खोल्या प्रामुख्याने एकट्या पुरुषांच्या होत्या, असे दिसते. याचे कारण उघड आहे. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. ज्या शहरात पुरुष कमावण्यास येतो व कुटुंब गावी राहते, तेथील उतारगृहेही पुरुषांच्याच बेताने होतात. भिंतीपाशी पथारी पसरली की एकट्याचे भागते. कुटुंबास आडोसा लागतो, न्हाणीघर लागते, चूल लागते, दाराला आतून कडी लागते. मुंबईने एकट्या माणसास सहसा उपाशी वा उघड्यावर ठेवले नाही, असे म्हणतात. बायकामुलांसह व आजाऱ्यासह आलेल्या गरिबाविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

या शतकाच्या मागील शतकात मराठी मध्यमवर्गासाठी बरी उतारगृहेही निघाली. त्यांत सरदारगृहाचे नाव सर्वश्रुत आहे. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. गिरगावातील खानावळींनी व उतारगृहांनी कित्येक विद्यार्थ्यांना, नाटकमंडळ्यांना व कज्जेदलालीसाठी आलेल्या पक्षकारांना आश्रय दिला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु इतिहास सांगावयाचा तर नाण्याच्या दोन्ही बाजू दाखविणे प्राप्त आहे. ज्या ज्ञातीने धर्मशाळा बांधली, तिने दारावर आपल्या ज्ञातीचे नावही लिहिले. आपल्या माणसास दार उघडे आणि परक्यास बंद, असा तो न्याय होता. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च विद्या संपादन करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. तेथे त्यांना कोणी जागा देईना. अखेर ते पारशी नाव सांगून पारशांच्या एका पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिले. एवढा विद्वान पुरुष, पण एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी त्याची विद्या कामास आली नाही. आपण सर्व ज्ञातींच्या लोकांनी हे वृत्त मान खाली घालून वाचावे असे आहे.

याच महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी निराळा मार्ग दाखविला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी लोकांकडून पैसा जमवून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र थारा नव्हता त्यांच्यासाठीच उभी राहिली, आणि पुढे त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी महाराज निवर्तले. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादर येथे आहे. तेथे दूरदूरचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात.

रुग्णांचा उल्लेख मुद्दाम केला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. केईएम रुग्णालय त्याच्या शेजारीच आहे. तेव्हापासून मुंबईस येणाऱ्या कुटुंबांत नोकरी शोधणाऱ्यांबरोबर दुखणेकऱ्यांचीही भर पडली. अशा कुटुंबास आठवडेच्या आठवडे राहावे लागते. १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा जो कायदा केला, त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल व लॉजिंग हाऊसच्या दरांचा उल्लेख होता. उताराचा दर हा सरकारने लक्ष घालण्याचा विषय आहे, ही जाणीव त्यात होती. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या नावात हॉटेल-लॉजिंगचा शब्द उरला नाही.

आता थोडे स्वानुभवाचे. १९६९ साली, आम्ही अकरा वर्षांचे असताना, आईच्या दुखण्यासाठी वडील आम्हांस घेऊन मुंबईस आले. दादरास उतरलो तेव्हा रात्र झाली होती. पहिल्या लॉजमध्ये "कुटुंबास जागा देत नाही" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी दर ऐकून वडील जिन्यावरूनच परतले. तिसऱ्याने आईकडे पाहिले आणि खोली रिकामी नसल्याचे सांगितले. ती रात्र आम्ही फलाटावर काढली. आई ट्रंकेला टेकून बसली होती आणि वडील तिच्यावर चादर धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी लालबागच्या चाळीतील एका ज्ञातिबांधवाचा पत्ता सापडला. दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत आधीच नऊ माणसे राहत होती. त्या घरच्या काकूंनी आईला पाहताच चुलीजवळचा कोपरा मोकळा करून दिला. पुरुष गॅलरीत निजू लागले. सतरा दिवस आम्ही तेथे राहिलो, आणि आई बरी होऊन परत आली. ज्ञातीचे ऋण म्हणजे काय, ते आम्हांस त्या कोपऱ्याने शिकविले.

पण ते शिक्षण अपुरे राहिले, याची कबुली येथे देतो. पुढे आम्ही मंडळाच्या व्यवस्थापक समितीवर असताना, २००३ च्या पावसाळ्यात, विदर्भातील एक जोडपे आपल्या लहान मुलीस घेऊन मंडळाच्या इमारतीत आले. मुलीच्या डोक्यावर केस नव्हते. वरच्या मजल्यावरील सहा खोल्यांपैकी चार त्या दिवशी रिकाम्या होत्या. आम्ही त्यांचे आडनाव विचारले. नंतर नियमाचा कागद दाखविला, 'केवळ ज्ञातिबांधवांसाठी'. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. रुग्णालयाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, मुलीस कडेवर घेतले आणि तो जिना उतरून गेला. ती मंडळी त्या रात्री कोठे राहिली, हे आम्हांस ठाऊक नाही. आमच्या वडिलांना तीन ठिकाणी जे उत्तर मिळाले होते, तेच चौथ्या ठिकाणी आम्ही दिले, हे मात्र घरी परतताना लक्षात आले. तोवर उशीर झाला होता.

येत्या वार्षिक सभेपुढे या सहा खोल्या एका व्यावसायिकास हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. इमारतीची डागडुजी, मालमत्ता कर, पाणी व विजेची बिले हे सर्व खर्च खरे आहेत, आणि केवळ भावनेने गिलावा होत नाही. तथापि आमची नम्र सूचना अशी, की दोन खोल्या चालू दराने उत्पन्नासाठी द्याव्यात आणि चार खोल्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी प्रत्यक्ष खर्चापुरत्या दरात राखाव्यात. तूट पडल्यास ती सभागृहाच्या लग्नकार्यांच्या उत्पन्नातून भरून काढावी. नोंदवहीत नाव, गाव व ओळखीचा पुरावा अवश्य घ्यावा, पण जात विचारू नये. रुग्णालयाची चिठ्ठी हीच पुरेशी ओळख मानावी.

आपल्या पूर्वजांनी चार-चार आणे वर्गणी काढून ही वास्तू उभी केली, ती आपल्या माणसास परक्या शहरात परके वाटू नये म्हणून. आज आपल्यापैकी बहुतेकांची स्वतःची घरे याच शहरात व उपनगरांत आहेत. आता उतरावयास जागा शोधणारे दुसरेच आहेत. त्यांनाही गावी कोणीतरी विचारले असेल, "उतरणार कोणाकडे?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी आपल्यापुढे आहे. सभेस सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे व विचारपूर्वक मत द्यावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.