साचा मोडतो, दात वाचतो

डहाणू-तलासरीच्या पाड्यावरनं माणूस मजुरी बुडवून दवाखान्यात येतो. पडलेल्या एका दाताच्या जागी ब्रिज बसवायचा, तर शेजारचे दोन धड दात घासायचे, ही रूढ रीत. तिला पर्याय कसा निघाला, बघा.

मेण वितळवून धातू ओतायची विद्या आपल्याकडे जुनी. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ती सांगितलीय. दंतवैद्यकात ती रुळवली अमेरिकेच्या टॅगर्टने, १९०७ साली. १९७३मध्ये रोशेट यांनी धातूची छिद्रं पाडलेली पातळ पट्टी दातांना मागून चिकटवून दाखवली. पुढे मेरीलँड विद्यापीठात आम्लाने धातू खरबरीत करून पकड वाढवली. म्हणून नाव ‘मेरीलँड ब्रिज’.

अडचण एकच. पातळ मेण प्रतिकृतीवरून उचललं की वाकायचं. मग प्रतिकृतीच उष्णता सोसणारी केली! तिच्यावर मेण चढवायचं, वरून लेप द्यायचा, सगळंच भट्टीत. मेण जातं, पोकळीत धातू ओततात. धातू निवताना आकसतो. पण साचा आधीच तेवढा फुगलेला असतो, म्हणून माप जुळतं. शेवटी साचा फोडायचा.

असा ब्रिज कधी सुटतो, खरंय. पण तो बहुधा पुन्हा चिकटवता येतो. घासलेला दात परत येत नाही.