पातागोनियांतील वेल्श वंशज व त्यांचा आगमनोत्सव

दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत, चुबुत नदीच्या कांठीं, वेल्श वंशाचे लोक दरवर्षीं २८ जुलै रोजीं आपल्या पूर्वजांच्या आगमनाचा उत्सव करितात. प्रार्थनामंदिरांतून वेल्श स्तोत्रें गाइलीं जातात. नंतर चहा, लोणीपाव व काळा केक यांचा फराळ होतो. वेल्स हा ब्रिटनचाच भाग असल्यामुळें या उत्सवास ब्रिटिश वारशाचा अभिमान म्हणावें, असें कोणासही वाटेल. हें नांव कितपत सार्थ आहे, तें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

१८६५ च्या मे महिन्यांत 'मिमोसा' हें जहाज सुमारें दीडशें स्त्रीपुरुष व मुलें घेऊन लिव्हरपूलहून निघालें, तें २८ जुलै रोजीं आजच्या प्वेर्तो माद्रिन बंदराच्या ठिकाणीं पोंचलें. या उपक्रमाचे पुरस्कर्ते धर्मोपदेशक मायकेल जोन्स यांस तळमळ अशी कीं, इंग्रजी शाळा, इंग्रजाळलेले जमीनदार व राजमान्य चर्च यांच्या दडपणाखालीं वेल्श भाषा व धर्माचार टिकावयाचे नाहींत. म्हणजे हे लोक ब्रिटिश छत्र घेऊन नव्हे, तर तें टाळण्यासाठीं गेले. आर्जेंटिनाच्या सरकारास दक्षिणेकडील 'ओसाड' मुलखावर आपला हक्क दृढ करावयाचा होता, म्हणून त्यानें जमीन दिली. मुलूख ओसाड नव्हता. तेथें तेवेल्चे लोक हिंडतफिरत राहात. त्यांनींच पुढें या नवख्यांस शिकार शिकविली व पावाच्या मोबदल्यांत मांस दिलें. १९६५ च्या शताब्दीस माद्रिनच्या किनाऱ्यावर तेवेल्चे पुरुषाचा पुतळा उभारण्यांत आला, हें आम्हांस उचित वाटतें. तथापि १८८० च्या सुमारास आर्जेंटिनाच्या लष्करानें तेथील मूळच्या लोकांची जी दुर्दशा केली, ती पुतळ्यानें भरून येण्यासारखी नाहीं.

खरी कसोटी १९०२ सालीं लागली. अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं वेल्शांनीं वसविलेल्या एका खोऱ्यावर चिली व आर्जेंटिना या दोघांचाही दावा होता. निवाडा ब्रिटनच्या राजाकडे होता. त्याच्या वतीनें पाहणीस आलेले सर टॉमस होल्डिच हे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीच्या मोजणींत उमेदीचीं वर्षें घालविलेले अधिकारी. ३० एप्रिल रोजीं एका शाळेंत जमलेल्या वसाहतवाल्यांनीं, आपण आर्जेंटिनाचेच राहूं इच्छितों, असें त्यांस सांगितलें. विरुद्ध पुरावा झांकून ठेवणें मात्र योग्य नाहीं. त्याच वर्षीं, नदीच्या पुरांनीं व अन्य कारणांनीं त्रासलेले दोनशेंहून अधिक लोक ब्रिटिश निशाणाखालील कॅनडांत निघून गेले. मागें राहिलेल्यांचा अभिमान वेल्श आहे. त्यास ब्रिटिश म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. १९८२ च्या फॉकलंड युद्धांत त्यांचे कांहीं तरुण आर्जेंटिनाच्या सैन्यांत होते, आणि समोरच्या ब्रिटिश फौजेंत वेल्श गार्ड्स ही पलटण होती.