राख ज्यांच्यावर पडली

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली आणि बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले. सप्टेंबरमध्ये त्यांच्यातला एक दगावला. नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला, तो भर समुद्रात पेटणाऱ्या बोटीपासून सुरू होतो. जपानी प्रेक्षकांना संदर्भ समजावून द्यायची गरजच नव्हती.

रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातलं टोकियो तुडवतो म्हणून आपण हसतो. पण त्याच चित्रपटात इस्पितळात एका लहान मुलावर गायगर काउंटर धरला जातो, ते पाहताना हसू येत नाही. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर या नटाला पत्रकार म्हणून घुसवलं, आणि अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर आणखी एक गोजिरा येईल, हा शेवटचा इशारा गाळला.

१९६२मध्ये मार्व्हलनं त्याच किरणोत्सर्गातून हल्क आणि स्पायडरमॅन घडवले. दोघेही माझे लाडके. पण तिथे किरणोत्सर्ग अंगात बळ आणतो; हल्कच्या बाबतीत तो शाप असला, तरी शोकांतिका बॉम्ब बनवणाऱ्याची आहे. ‘गोजिरा’ची शोकांतिका बॉम्ब झेलणाऱ्यांची आहे. तिथला शास्त्रज्ञ सेरिझावा आपली टिपणं जाळतो आणि आपल्या अस्त्राचं गुपित सोबत घेऊन समुद्राच्या तळाशी मरतो. मला तरी सगळ्या सुपरहिरोंपेक्षा तो मोठा वाटतो.