मोडीत काढण्याची वेळ

'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आपण आजकाल कशालाही लावतो, माणसांनासुद्धा! तांब्यापितळेच्या बाजारात मात्र तो शब्दशः खरा होता. जुने भांडे दुकानी न्यायचे, ते तोलले जायचे, मोडीच्या भावाने त्याचे पैसे धरले जायचे आणि वरची रक्कम भरून नवे भांडे घरी यायचे. ते भांडे आंघोळीच्या पाण्याचा बंब असेल तर मोडही चांगली यायची.

आमच्या पिढीला बंब सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगतो. तांब्याचे उभे भांडे, मधोमध आरपार नळकांडे, नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख. इंधन म्हणून कोळसे, करवंट्या, नाहीतर वखारीतून आणलेली बंबफोड. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अशा ठोक्याच्या कामासाठी प्रसिद्ध. कोकणातून आलेले हे कारागीर पेशवाईत तिथे वसले.

बंब बदलायची वेळ ओळखायला कुणाला विचारावे लागत नसे. आतून विस्तव आणि बाहेरून पाणी सोसणारे नळकांडे आधी झिजायचे. सांधा सुटला की निखाऱ्यावर थेंब पडून चर्र आवाज यायचा. मग तांबटाकडे नेऊन तो झाळून आणायचा. पत्रा इतका पातळ झाला की झाळही धरेना, तेव्हा मोड. म्हणजे बंब स्वतःच बोलायचा, आणि अखेरच्या दिवशीही चार पैसे देऊन जायचा. 'चालतंय तोवर चालवावं' ही आपली शिकवण तांब्याच्या बाबतीत शहाणपणाचीच होती.

आता गिझरकडे वळू. हे नाव आइसलंडमधल्या 'गेसिर' या उसळत्या गरम झऱ्यावरून आले. 1868 साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे घरगुती यंत्र काढले आणि त्याला 'गिझर' नाव दिले. ब्रिटिशांबरोबर तो शब्द इकडे आला आणि राहिला. मॉनच्या यंत्राला धुराडे नव्हते, जळलेला वायू न्हाणीघरातच साचे. हा धोका इतिहासजमा झालेला नाही. बंद बाथरूममध्ये लावलेल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून आजही माणसे दगावतात. त्या वायूला वासही नसतो. म्हणून निळी ज्योत पिवळी पडू लागली तर वापर थांबवून तंत्रज्ञाला बोलवावे, आणि मुळात असा गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेतच असावा.

पुढे 1889 च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या नॉर्वेजियन अभियंत्याने आपोआप तापणारा साठवणीचा हीटर तयार केला. आपल्या घरातला टाकीचा गिझर हा त्याच वंशातला. टाकी सहसा पोलादाची, म्हणून गंजणारी. 1936 साली ए. ओ. स्मिथ कंपनीने टाकीला आतून काचेचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पण लेपाला बारीक चीर गेली तर तिथून गंज सुरू होतोच.

त्यावरचा उपाय त्याहून जुना आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्याने खाल्ले जात. 1824 साली हंफ्रे डेव्ही याने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबे वाचले. गंमत म्हणजे वाचलेल्या तांब्यावर समुद्री जीव माजले आणि जहाजांसाठी ही युक्ती सोडून द्यावी लागली! तेच तत्त्व आपल्या गिझरमध्ये आहे. त्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. घरातल्या काही माणसांसारखीच, पुरती संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ती संपली की टाकीची पाळी.

मुद्दा असा, की गिझर बंबासारखा बोलत नाही. त्याची झीज बंद टाकीत चालते. म्हणून काही खुणा माहीत असाव्यात. कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला तर तो बदलता येतो, गिझर काढायची गरज नाही. कटकट आवाज, पाणी तापायला उशीर म्हणजे बहुधा क्षार, विशेषतः बोअरच्या पाण्यात. साफसफाईने काम भागते. पाइपच्या जोडातली गळतीही दुरुस्त होते. पण फक्त गरम पाणी तांबूस येत असेल, गार स्वच्छ असेल, तर टाकी आतून गंजली असावी. आणि टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपू लागले तर झाळकामाचा विचारही नको, तो मोडीतच. नळाला झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी वीज बंद करून वायरमनला बोलवावे. साधारण आठ-दहा वर्षे झालेल्या गिझरवर मोठा खर्च करण्यात अर्थ नसतो.

आपल्या वयाची मंडळी 'अजून चालतोय ना' म्हणत बसतात. ही काटकसर तांब्याची आहे, पोलादाच्या टाकीला ती लागू नाही. तिथे दाब आहे, वीज आहे आणि खाली अंघोळीला बसलेले आपलेच माणूस आहे. तेव्हा एक करा. गिझर बसवल्याचे साल आणि रॉड शेवटचा पाहिल्याची तारीख गिझरच्याच अंगावर मार्करने लिहून ठेवा. रॉड दोनेक वर्षांनी, पाणी जड असेल तर आधीच, काढून बघायला सांगा. बंब आपणहून सांगायचा, गिझरला आपण विचारायला हवे.